पिठावरचं पाखरू

“अण्णा, हलू नका,” माझी लेक हर्षदा म्हणाली.

माझ्या खिशात फोन वाजत होता. तिनं मान वर न करताच सांगितलं, “बंद ठेवा म्हटलं होतं ना? आता घ्या, पण पाय उचलू नका. तुमची सावली पाटावर आलीय. ती आहे तिथंच राहू दे, नाहीतर सगळं तुटेल.”

मी होतो तिथंच उभा राहून फोन कानाला लावला. महादेव होता, माझा मेहुणा. त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती, म्हणून माझी बायको शालन आदल्या दिवशीच माहेरी गेली होती.

“दाजी,” महादेव म्हणाला, “ताई पडली.”

“कुठं?”

“नळावर. कळशी भरत होती.” मागं बायकांचा आवाज येत होता. “दाजी, ताई गेली.”

दुपार होती. गिरणी बंद होती. माडीची खिडकी गोणपाट लावून बंद केली होती आणि वर टांगलेल्या एका दिव्याचा उजेड पाटावर पडला होता. काळ्या रंगानं रंगवलेला पाट, त्यावर तांदळाचं वस्त्रगाळ पीठ आणि पिठावर पाखराच्या पावलांची एक ओळ. हर्षदा वाकायची, एक पाऊल उमटवायची, हात बाजूला घ्यायची आणि कॅमेऱ्याचं बटण दाबायची. परत वाकायची. पाखरू माझ्या सावलीतून निघून उजेडाकडं चाललं होतं.

मी फोन कानाला तसाच धरून बघत राहिलो. पलीकडून आवाज यायचा बंद झाला होता. जोवर हे पाखरू चाललंय तोवर आमच्या घरात काही झालेलं नाही, असं मला वाटत होतं. ते संपू नये असं वाटत होतं.

“झालं. हला आता,” हर्षदा म्हणाली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. “कुणाचा फोन होता?”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरी ती दुपार आठवते तेव्हा आधी ते पाखरूच आठवतं.

आमचं गाव कृष्णाकाठी, कराडच्या अलीकडं. गावात माझी पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, वर माडी, मागं घर. हर्षदा तेव्हा कोल्हापूरला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक छोटा सिनेमा करायचा होता, स्टॉप मोशनचा. कुणी शाडूच्या बाहुल्या केल्या होत्या, कुणी कागदाचे तुकडे. हर्षदानं पीठ घेतलं. आम्ही दोघं हसलो. पण ती पिठातच वाढलेली पोर, तिला दुसरं काय सुचणार.

घरी येऊन तिनं माडीवर सगळं मांडलं. कॉलेजातून आणलेला कॅमेरा लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीला वरून बांधला. अडचण एकच होती. गिरणी चालू झाली की माडी थरथरायची आणि पीठ आपोआप सरकायचं. मग दुपारी जेवणाच्या वेळेला मी गिरणी बंद ठेवायचो तेवढ्यात ती काम करायची. ती मला सांगायची, अण्णा अजून थोडा वेळ, अण्णा अजून थोडा वेळ. बाहेर माणसं दळणाचे डबे घेऊन ओट्यावर बसून राहायची.

“असं थोडंसं हलवायचं,” तिनं शालनला पहिल्या दिवशी समजावलं होतं, “फोटो काढायचा. परत थोडंसं हलवायचं, परत फोटो. मग सगळे फोटो भराभर दाखवले की ते आपोआप चालल्यासारखं दिसतं.”

“म्हंजे थांबा-थांबीचा सिनेमा,” शालन म्हणाली. “आणि एवढं सगळं करून तो चालणार किती वेळ?”

“मिनिटभर.”

“उन्हाळाभर राबून मिनिटभर?” शालननं माझ्याकडं बघितलं. “अण्णांवर गेलीस की गं. दिवसभर गिरणीत आणि घरात बोलायचं मिनिटभर.”

हर्षदानं आधी पिठात पाखरूच काढलं होतं. शालननं वाकून बघितलं.

“हे काय, वांगं?”

“आई, पाखरू आहे.”

“पाखरू होय.” ती जरा वेळ बघत राहिली. “मग पाखरू दाखवूच नकोस. नुसती पावलं उमटव. बघणाऱ्याला पाखरू आपोआप दिसतंय.”

असं म्हणून तिनं अंबाड्यातले आकडे काढले, माझी पक्कड मागून घेतली आणि ते वाकवून एकमेकांत अडकवले. तीन बोटं पुढं, एक मागं. मधलं बोट जरा वाकडं झालं. ते सरळ करायला गेली तर तुटायला लागलं, म्हणून तसंच ठेवलं. तो तारेचा पाय पिठावर टेकवला की खरोखर पाखरू नुकतंच पुढं गेलंय असं वाटायचं.

त्या दोघींचं एकच ठरत नव्हतं. पाखरू चालत चालत कुठं जातं? हर्षदा म्हणायची उडून जातं, पावलं मध्येच संपतात. शालनला ते पटायचं नाही. “एवढं चालवायचं आणि कुठं पोचवायचं नाही म्हंजे काय?” माहेरी निघताना एसटीत बसल्यावरसुद्धा ती खिडकीतून म्हणाली, “शेवट करू नको गं अजून. मी आल्यावर बघू.”

ती आली ती अशी आली.

गिरणीचा पट्टा मी उतरवून ठेवला. शालन माझ्या लग्नापासून त्या आवाजात राहिली होती. तो आवाज बंद झाला तसं घर मोठं वाटायला लागलं. बाहेरच्या खोलीत जिथं तिला ठेवलं होतं तिथं दिवा लावला होता, तो जळत होता. हर्षदाला काम करायला हवी तशी शांतता घरात पहिल्यांदाच होती, आणि ती माडीवर पाय ठेवत नव्हती.

तेराव्यानंतर लगेच तिला सिनेमा कॉलेजात द्यायचा होता. तो दिला नाही तर वर्ष जाणार होतं. मी विषय काढला.

“मी परत जाणार नाही,” ती म्हणाली. “गिरणी बघीन.”

“गिरणी बघायला मी आहे.”

“मग मी भाकरी करीन.”

“हर्षदा, वर्ष जाईल तुझं.”

“जाऊ दे.”

तिच्या मैत्रिणींचे फोन यायचे, ती घ्यायची नाही. मला काय करावं कळेना. तिला कोल्हापूरला पाठवायचं म्हणून शालननं माझ्याशी किती दिवस अबोला धरला होता. मिनिटभर बोलणाऱ्या माणसाशी अबोला धरून काही उपयोग नाही, असं पुढं तीच सांगायची आणि हसायची. शालननं हट्टानं उभं केलेलं ते एवढं एकच होतं. तेही तिच्यामागं जातंय असं दिसत होतं, आणि पोरीशी कसं बोलावं ते मला कळत नव्हतं. बोलायचं काम शालनचं होतं.

घर आक्कानं हातात घेतलं होतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे मालक तरुणपणीच गेले. तोंडानं फटकळ. आल्या दिवशी ती माडीवर जाऊन सगळं बघून आली.

“अन्न हाय ते,” ती हर्षदाला म्हणाली. “अन्नाचा खेळ करत्यात व्हय? ह्याला कालेज म्हणत्यात?”

हर्षदानं ऐकून घेतलं. एरवी ती आत्याला असं सोडणारी नव्हती. आक्कालाही ते कळलं असावं. तिनं नंतर तो विषय काढला नाही. फक्त येता-जाता पोरीकडं बघत राहायची.

आमच्याकडं दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी एक करतात. जिथं माणसाला ठेवलेलं असतं तिथं दिव्याजवळ पीठ पसरतात आणि वर दुरडी झाकतात. सकाळी दुरडी उचलली की पिठावर पाऊल उमटलेलं असतं. गाईचं खूर दिसलं तर माणूस गाईच्या जन्माला गेलं, पाखराचं दिसलं तर पाखराच्या. माझ्या वडलांच्या वेळी मुंगीच्या वाटेसारखी बारीक रेघ निघाली होती. आई वर्षभर मुंग्यांना साखर घालत होती. कुणी मुंगीवर पाय देईल म्हणून आम्हाला अंगणात पळू द्यायची नाही.

हे पीठ घरचं चालत नाही. आक्का शेजारच्या सगुणा वहिनींकडं मागायला गेली.

“घ्या,” वहिनी म्हणाल्या, “सगळं गाव तुमच्या दारात येतंय, एक दिवस तुम्ही आमच्या.” बोलता बोलता त्यांना रडू आलं. आणलेलं ज्वारीचं पीठ माझ्याच गिरणीत दळलेलं होतं. हाताला लागताच कळलं.

घरातले पाट पाहुण्यांखाली गेले होते. आक्का माडीवर गेली आणि हर्षदाचा काळा पाट घेऊन आली.

“तो माझा आहे आत्या,” हर्षदा म्हणाली.

“असू दे. तू कुठं वापरतीस?”

तिनं पाट दिव्याजवळ ठेवला, त्यावर चाळणीनं पीठ पसरलं. काळ्या पाटावर ते पीठ माडीवर दिसायचं तसंच दिसत होतं. मी दुसरीकडं बघितलं. आक्कानं दुरडी हातात घेतली.

“आत्या,” हर्षदानं विचारलं, “आणि काहीच उमटलं नाही तर?”

आक्का दुरडी धरून जरा थांबली.

“उमटतंय,” ती म्हणाली. “जा, झोप तू.”

सकाळी सगुणा वहिनी आणि आळीतल्या चार बायका आल्या. हर्षदा दाराशी उभी होती. आक्कानं तिला पुढं बोलावलं आणि दुरडी तिलाच उचलायला लावली.

पिठावर पावलं होती. दाराकडच्या कडेपासून निघून दिव्याकडच्या कडेपर्यंत. छोटी छोटी, तीन बोटं पुढं, एक मागं.

“अगं बाई, पाखरू!” सगुणा वहिनी ओरडल्या. “पाखरू झाली शालन!”

“चिमणी हाय.”

“चिमणीचा पाय एवढा असतोय व्हय? होला असंल.”

“होलाच. शालनला होल्यावानीच मान हलवायची सवय होती की. भाव करताना बघितलं न्हाईस? अशी अशी हलवायची, आन् भाजीवाला गप कमी करायचा.”

बायका रडत होत्या आणि हसतही होत्या. आक्का भिंतीला टेकून बसली होती. मी वाकून बघितलं. प्रत्येक पावलाचं मधलं बोट जरा वाकडं होतं.

मी हर्षदाकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती.

जरा वेळानं आम्ही दोघं मागच्या दारी आलो.

“अण्णा, तुम्ही केलं?”

“मी? मला वाटलं तू.”

“मी वर गेलेच नाही.”

“मीही नाही.”

“खोटं बोलताय. मला बरं वाटावं म्हणून केलंत.”

“तुझ्या आईची...” मी म्हणालो आणि थांबलो.

आम्ही माडीवर गेलो. तारेचा पाय खिडकीत ठेवला होता तिथंच होता. मी तो बोटांत धरला. त्याला पीठ होतं, पण तांदळाचं नव्हतं. ज्वारीचं होतं. मी ते हर्षदाला सांगितलं. ती बराच वेळ त्या पायाकडं बघत राहिली. ते आकडे शालनच्या अंबाड्यातले होते. दोघांच्याही मनात काय आलं ते दोघांनाही कळलं. खिडकीला लावलेल्या गोणपाटातून उजेडाचे ठिपके जमिनीवर पडले होते. गिरणी बंद असल्यामुळं हवेतलं पीठ अगदी सावकाश खाली येत होतं.

“नदीवर कधी निघायचंय?” हर्षदानं विचारलं.

“मंडळी जमली की.”

“मग वेळ आहे.” ती कॅमेऱ्याची चौकट सोडायला लागली.

आम्ही चौकट खाली आणली तेव्हा आळीतल्या बायका गेल्या होत्या. आक्का एकटीच दिव्याजवळ बसली होती.

“आरं देवा. सुतकात फोटू?”

“फोटो नाही आत्या. पाखरू चालवायचंय.”

“ते चालून गेलं की.”

“कसं चाललं ते बघायचंय.”

आक्कानं माझ्याकडं बघितलं. “सदा, तू काय म्हणतूस?”

“करू दे,” मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी पोरीनं काही तरी करायला घेतलं होतं.

“मग लवकर आवरा. ते पीठ नदीत सोडायचं हाय.”

हर्षदानं दार लावलं. चौकट पाटावर उभी केली. दिव्याशिवाय दुसरा उजेड ठेवला नाही. मग ती म्हणाली, “सगळी पावलं आधीच आहेत. म्हणून उलटं करायचं. आधी आहे तसा एक फोटो. मग शेवटचं पाऊल पिठानं झाकायचं, फोटो काढायचा. मग त्याच्या आधीचं झाकायचं. नंतर सगळं उलटीकडून दाखवायचं.”

“म्हंजे पुसायचं?” आक्कानं विचारलं.

“हो.”

“पुसल्यावर ते चालणार कसं गं?”

“पुसत गेलं की ते चालत येतं, आत्या.”

आक्काला कळलं की नाही माहीत नाही. तिनं पदर तोंडाला लावला, कारण हर्षदानं सांगितलं होतं की श्वास पिठावर येऊ द्यायचा नाही. दिव्याजवळच्या पावलापासून सुरुवात केली.

“अण्णा, तुम्ही घाला.”

मी चिमटीत पीठ घेतलं आणि पावलावर सोडलं. दिव्याच्या उजेडातून ते खाली गेलं. हर्षदानं कुंचल्यानं ते सारखं केलं. पाऊल नव्हतं झालं. बटण वाजलं. परत चिमूट, परत कुंचला, परत बटण. मग तिनं आक्कापुढं पिठाची वाटी धरली. आक्कानं आधी हात पदराला पुसला आणि मग चिमूट घेतली. देवाला हळद वाहावी तशी ती सोडत होती.

रस्त्यावरून एखादी सायकल जायची तेवढाच आवाज. वेळ चाललाय की थांबलाय ते कळत नव्हतं. मला मध्येच वाटलं की शालन आत स्वयंपाकघरात आहे आणि आम्ही असे गप्प का बसलोय ते बघायला आता बाहेर येईल. पाखरू एक एक पाऊल मागं चाललं होतं, दिव्यापासून दाराकडं. मला चिमूट सोडताना जड वाटत होतं. पण बटण वाजलं की हर्षदाचा चेहरा सैल व्हायचा. ते बघून मी पुढची चिमूट घ्यायचो.

दाराजवळची थोडी पावलं राहिली होती. हर्षदानं कॅमेऱ्यातून बघितलं, मग वाकून पाटावर बघितलं.

“हे एक पाऊल उलटं पडलंय,” ती म्हणाली. बाकी सगळ्या पावलांची बोटं दिव्याकडं होती. या एकाचीच दाराकडं होती.

“उलटं पडलं व्हय?” आक्का पदराआडून म्हणाली. “दिव्याच्या उजेडात नीट दिसलं न्हाई गं.”

हर्षदाचा हात बटणावर होता. तो तिथंच राहिला. मी वाटीकडं बघत होतो. आक्कानं पदर तोंडावरून काढला नाही.

मग आक्काच बोलली. “सिनेमात दिसंल का त्ये उलटं?”

“दिसेल,” हर्षदा म्हणाली.

“मग आता?”

“असू दे.” हर्षदानं बटण दाबलं. “तिथं ते मागं वळून बघतंय.”

आक्का रडायला लागली. पिठावर श्वास जाऊ नये म्हणून ती मागं सरकली आणि भिंतीकडं तोंड करून रडली. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलली.

“आमचं मालक गेलं तवा दुरडी मीच उचलली. खाली पीठ कोरं. जसं टाकलं तसं. सासू म्हणली, कुठं गेलाच न्हाई त्यो, अडाकलाय. दीर म्हणला, ह्याला कुठला जलम मिळतोय. मी काय करायचं? दारात कुत्रं आलं की वाटायचं हे असतील. कावळा बसला की वाटायचं हे असतील. कुणालाच हाकलायची न्हाई मी. आजून न्हाई हाकलत. पर कुणीबी त्ये न्हवतं.” तिनं नाक पुसलं. “ह्या पोरीनं दुरडी उचलायची आन् खाली कोरं निघायचं, मला बघवलं नसतं. पाट आणाय गेले तवा त्यो तारंचा पाय दिसला. पहाटं उठून उमटवला, परत वर ठिवला.” मग माझ्याकडं वळली. “सदा, पाप लागंल का मला?”

“पीठ माझ्या गिरणीतलं आहे,” मी म्हणालो. “लागलं तर मला लागेल.”

सकाळपासून मी मनात धरून ठेवलं होतं ते तेव्हा गेलं. शालन आली नव्हती. वाईट वाटलं. पण आक्का त्या अंधारात गुडघ्यावर बसून पाखराचं एक एक पाऊल उमटवते आहे, हेही मला दिसत होतं. नीट दिसत नाही, तरी उमटवते आहे.

हर्षदा उठली नाही. तिनं फक्त वाटी आत्यापुढं सरकवली. “राहिलेली तुम्हीच झाका,” ती म्हणाली.

आक्कानं झाकली. मागं वळून बघणारं पाऊल झाकताना जरा थांबली. मग कडेचं शेवटचं पाऊलही गेलं आणि पाटावर नुसतं पीठ राहिलं. हर्षदानं परत बटण दाबलं.

“हा फोटू कशाचा?” आक्का म्हणाली. “हितं तर काय न्हाई.”

“हा पहिला, आत्या. इथून सुरू होणार.”

“कोरं?”

“कोरंच असतं सुरुवातीला.”

आक्का त्या पिठाकडं किती तरी वेळ बघत राहिली. बाहेरून कुणीतरी हाक मारली, मंडळी जमली होती. आम्ही ते पीठ कृष्णेत सोडलं. पाण्यावर जरा पांढरं दिसलं, मग दिसेनासं झालं.

तेरावा झाल्यावर हर्षदा कोल्हापूरला गेली. सिनेमा तिनं वेळेत दिला. पुढच्या खेपेला घरी आली तेव्हा संगणक घेऊन आली आणि आम्हाला बसवून दाखवला. खरोखर मिनिटभरच होता. आधी माडीवरचं पांढरं पीठ, त्यावर चालणारी पावलं. एका जागी उजेड जरा कमी होतो. ती माझी सावली. कॉलेजातल्या सरांनी विचारलं तर तिनं ढग आला होता असं सांगितलं. मग कोरं पीठ येतं. दाराकडून एक पाऊल उमटतं, पुढचं पाऊल मागं वळून बघतं आणि मग ते थेट चालत दिव्यापाशी जातं. तिथं संपतं. शालन म्हणाली होती तसं कुठं तरी पोचतं.

“परत लाव,” आक्का म्हणाली.

हर्षदानं परत लावलं. किती तरी वेळा लावलं. शेवटी आक्का म्हणाली, “आमच्या मालकांचं बी असं करून दे की गं.”

“देते की. कसली पावलं करू?”

आक्का विचारात पडली. “म्हस नगं. राग लई होता त्यास्नी, पर म्हस नगं.”

“मांजर?”

“मांजराला दूध लागतंय. त्यास्नी दुधाचा वास सोसायचा न्हाई.”

“मग घोडा?”

“घोड्यावर बसून लग्नाला आलं तवा पडलं हुतं. घोडं कशाला व्हतील?” ती पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, “इचार करून सांगते.”

हर्षदा आता पुण्यात अशाच सिनेमांचं काम करते. दिवाळीला येते तेव्हा आठवणीनं आत्याकडं जाते. आक्का ऐंशीच्या पुढं गेली आहे. तिला कमी दिसतं, पण ओळखते आवाजावरून.

“आत्या, ठरलं का?” हर्षदा विचारते.

“आजून न्हाई गं. घाई कशाला करतीस?”

गेल्या दिवाळीलाही हेच झालं. मी बाजूला बसलो होतो. मालकांचं पाऊल अजून काढायचं राहिलं आहे.